पिंजऱ्यात पहिल्या रात्री एक उंदीर सापडला, नंतर आठ दिवस एकही नाही. आता चाप आणू की चिकट पुठ्ठा?

तुम्ही लिहिलंय की घर तळमजल्यावर आहे, रांगतं बाळ आहे म्हणून औषध घालायचं नाही. पिंजरा आणला, पहिल्याच रात्री एक सापडला, आणि तेव्हापासून आतली पोळी वाळून कडक होते पण उंदीर काही फिरकत नाही. ओट्याखालची खुडबुड मात्र चालूच.

आमचं बार्शीत भुसाराचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. ज्वारी, तूर, हरभरा, आणि मागे पोत्यांची थप्पी. गिऱ्हाईक एखाद्या दिवशी येत नाही, उंदीर न चुकता येतो. त्यामुळे या विषयात माझं शिक्षण सक्तीचं झालंय. सांगायचं ते एवढंच की पिंजरा बदलू नका. तो लावायची घाई झाली आणि तो एकच लावला, बिघडलं ते तिथे.

पहिल्या रात्री सापडला तो बहुतेक पोरसवदा असणार. कळपातले लहान, भुकेले उंदीर धीट असतात. मुरलेला मोठा उंदीर नव्या वस्तूला दबकतो. रोजच्या वाटेवर अचानक काही ठेवलेलं दिसलं की तो चार-पाच दिवस वळसा घालून जातो, तिथलं खाणंही टाळतो. त्यातून एखाद्याच्या शेपटावर दार आपटून तो निसटला असेल, तर तो पुन्हा त्या पिंजऱ्याकडे येईल ही आशा सोडा.

म्हणून पहिल्या तीन-चार रात्री पिंजरा लावायचाच नाही. नुसता ठेवायचा. दार तारेने वर बांधून टाका, म्हणजे ते पडणारच नाही, आणि आत रोज खाऊ ठेवा. पहिल्या रात्री पिंजऱ्याच्या तोंडाशी, दुसऱ्या रात्री जरा आत, तिसऱ्या रात्री आकड्यालाच. सकाळी खाऊ गेलेला दिसेल. जाऊ दे. दोन रात्री सलग गेला की मगच तार सोडायची. आमचे अण्णा याला ‘जावयाला जेवू घालणं’ म्हणायचे.

आता आमिष. पोळी नको, तुमच्या घरात तिला सतरा पर्याय असतील. सुक्या खोबऱ्याचा तुकडा गॅसवर धरून कडेला जरा करपवा. तो वास लांब जातो. शेंगदाण्याची चिक्की चालते, भजं चालतं, मासे खाणारे असाल तर बोंबलाच्या तुकड्यासारखं दुसरं काही नाही. पण आमिष आकड्याला दोऱ्याने घट्ट बांधा. आपल्या नेहमीच्या पिंजऱ्याची रचना अशी असते की उंदराने आमिष ओढलं की आतला आकडा सरकतो, त्याने अडवलेली दांडी सुटते आणि स्प्रिंग दार ओढून घेते. उंदराने ओढलंच नाही, नुसतं कुरतडलं किंवा चाटलं, तर पिंजरा शांत बसून राहतो. म्हणून लावायच्या आधी पेन्सिलीच्या टोकाने आकड्याला हलका धक्का देऊन पाहा. जोर लावावा लागला तर आकडा जिथे अडकतो तिथे कानशीने दोन हात मारा आणि गंज असेल तर तेलाचा थेंब सोडा. नव्या पिंजऱ्यातही हा दोष असतो. माझ्याकडे निम्मे पिंजरे असे दुरुस्त केलेले आहेत.

जागा कुठली हे आपण ठरवायचं नाही, उंदराने ठरवलेली असते. तो मोकळ्या जमिनीवरून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. जुन्या वाटेवर भिंतीला तेलकट काळपट पट्टा दिसतो. दिसला नाही तर रात्री ओट्याखाली, फ्रिजमागे, मोरीच्या दाराशी कणकेचा नाहीतर पावडरचा पातळ थर पसरून झोपा. सकाळी पावलं आणि मधली शेपटीची रेघ वाचता येते. पिंजरा त्या वाटेवर, भिंतीला चिकटून ठेवा. स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवलेला पिंजरा फक्त माणसांच्या पायात येतो.

लेंड्याही बघा. तांदळाच्या कणीएवढ्या असतील तर ती घरातली पिटुकली उंदरं. सेंटिमीटरभर लांब आणि टोकाला निमुळत्या असतील तर मोठा उंदीर. हा फरक महत्त्वाचा, कारण पिटुकल्या उंदरांचा स्वभाव अगदी उलटा. त्यांना नव्या वस्तूची भारी चौकशी असते, त्यांना आधी जेवू घालायची गरज नाही. पण ती घरट्यापासून चार-पाच मीटरच्या आत वावरतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन-दोन मीटरवर एकेक सापळा लागतो. आणि घराबाहेर भिंतीच्या कडेने मातीचे ढिगारे दिसत असतील तर ती घूस. नेहमीच्या पिंजऱ्यात ती मावत नाही, तिला मोठा लोखंडी पिंजरा लागतो.

संख्येबद्दल मला अक्कल आली ती तंजावरला. देवळं बघायला गेलो होतो आणि भाताच्या बांधांवर एक गंमत दिसली. बांबूच्या कामट्यांची धनुकली, तिला दोरीचा फास आणि आमिष. उंदराने आमिषाला तोंड लावलं की धनुकली सुटते आणि फास आवळतो. सापळा घरी केलेला, कामटी आणि दोरीशिवाय काही नाही. पण तिकडे शेतीखातंसुद्धा हेक्टरी ८० ते १०० धनुकल्या लावायला सांगतं, आणि त्या सगळ्या एकाच संध्याकाळी लावतात. आपण एक पिंजरा लावतो, तो रिकामा निघाला की उंदीर हुशार झालाय म्हणतो आणि पिंजरा माळ्यावर टाकतो. अहो, उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेतात पाच ते आठ पिल्लं. आठवड्याला एक पकडून तुम्ही कधी पुरे पडणार? परत आल्यावर मी दुकानात १३ पिंजरे केले. चार रात्री उघडे, पाचव्या रात्री सगळे एकदम लावले. त्या एका रात्रीत सात सापडले, दुसऱ्या रात्री तीन. तोपर्यंत महिन्याला दोन-तीन मिळत होते. तुमच्या फ्लॅटला १३ नकोत, पण चार तरी हवेत. शेजाऱ्यांकडून मागून आणा, प्रत्येकाच्या माळ्यावर एक पडलेला असतोच.

चापाचं म्हणाल तर मला तो आवडतो. लाकडी फळी, स्प्रिंग आणि तारेची चौकट. १८९४ साली अमेरिकेत विल्यम हूकर नावाच्या माणसाने त्याचं पेटंट घेतलं, आणि आजही बाजारात मिळतो तो जवळजवळ तसाच. नीट बसला तर उंदीर क्षणात जातो. ठेवायचा मात्र भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे करून. शक्यतो दोन जवळजवळ, म्हणजे एकावरून उडी मारली तरी दुसऱ्यावर पडतो. आणि आकार बघून घ्या. पिटुकल्यांचा चाप मोठ्या उंदराला लावला तर तो मरत नाही, चाप ओढत कपाटामागे जाऊन बसतो. माझ्याकडे एकदा असं झालं आणि तो शोधायला साखरेची अकरा पोती हलवावी लागली. तुमच्याकडे रांगतं बाळ आहे, तेव्हा उघडा चाप अजिबात नको. लाकडी खोक्याच्या दोन्ही बाजूंना उंदीर शिरेल एवढी भोकं पाडा, चाप आत ठेवा, वर झाकण आणि झाकणावर वीट. दोन्हीकडे भोक असलं की उंदरालाही तो बोगदा वाटतो, तो बिनधास्त शिरतो.

चिकट पुठ्ठा नको. मी वापरलेला आहे, म्हणून सांगतो. उंदीर चिकटतो पण मरत नाही, रात्रभर ओरडतो आणि सकाळी तुम्हालाच त्याचं काहीतरी करावं लागतं. शिवाय पुठ्ठ्याला कळत नाही कोण चिकटलंय. माझ्याकडे दोन पाली, एक चिचुंद्री, आणि एकदा आमच्याच मांजराचा पाय. त्याला सोडवायला गोडं तेल चोळत बसलो, तासभर लागला, हातावर ओरखडे वेगळेच. बाळाचा हात तिथे गेला तर काय, याचा विचार करा. भारतीय पशुकल्याण मंडळाचाही या पुठ्ठ्यांना विरोध आहे, आणि इंग्लंडमध्ये तर २०२४ च्या जुलैअखेरपासून परवान्याशिवाय ते लावणं कायद्याने गुन्हा झालंय. आवाजाने उंदीर पळवणारं प्लगमधलं यंत्रही मी घेतलं होतं. उंदीर त्याच्यावर बसून ज्वारी खात होता. पुढे काही बोलत नाही.

सापडलेल्या उंदराचं काय करायचं हे कोणी नीट सांगत नाही. अण्णा पिंजरा हौदात बुडवायचे. लहानपणी मी तो धरून उभा राहिलोय. आता मला ते जमत नाही, वेळ लागतो त्याला. बरेच लोक पलीकडच्या बोळात सोडून येतात. आमच्या आळीचे उंदीर मागच्या आळीत, त्यांचे आमच्यात, अशी ही देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चाललीय. एक अर्धं शेपूट तुटलेला उंदीर मी स्वतः तीनदा सोडून आलो आणि तीनदा तो माझ्याच दुकानात सापडला. चौथ्यांदा त्याला चाप लावला. सोडायचाच असेल तर वस्तीपासून लांब माळावर सोडा. तिथे त्याचं घुबड काय करेल ते करेल. नाहीतर सरळ खोक्यातला चाप. मला तो हौदापेक्षा दयेचा वाटतो.

हात मात्र उघडे लावू नका. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू उंदराच्या मुतातून येतात आणि पिंजऱ्याच्या तारा त्याने भरलेल्या असतात. हातात रबरी मोजे घाला, नंतर पिंजरा कढत पाण्याने धुऊन उन्हात ठेवा. मेलेला उंदीर लगेच शेपटीला धरून उचलू नका, अंगावरच्या पिसवा गार पडलेलं अंग सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात. १८९६ साली मुंबईत डॉ. अकॅशियो व्हिएगास यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला तो मांडवीत, म्हणजे धान्याच्या वखारींच्या भागात. भुसाराच्या धंद्यातल्या माणसाने ही गोष्ट विसरू नये, असं अण्णा सांगायचे.

भोकं बुजवायचं काम पिंजऱ्यांबरोबरच सुरू करा. तळमजल्यावर उंदीर बहुधा मोरीच्या पाइपाभोवतीच्या फटीतून, गॅसच्या नळीच्या भोकातून, ट्रॉलीच्या मागून येतात. पेन्सिल शिरेल एवढ्या फटीतून पिटुकला उंदीर येतो, अंगठा शिरेल एवढ्यातून मोठा. कुठलं भोक चालू आहे हे कळायला त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबा. सकाळी बोळा बाहेर पडलेला दिसला की समजलं. तिथे भांडी घासायची तारेची घासणी ठासून वर सिमेंट लिंपा. नुसतं सिमेंट ओलं असताना तो एका रात्रीत उकरतो. मोरीच्या जाळीवर रात्री वजन ठेवा. आणि ओट्यावरचा खरकट्याचा डबा झोपताना बंद असू द्या, नाहीतर तुमच्या खोबऱ्याकडे कोण कशाला येईल.

एक राहिलं. सकाळी पिंजऱ्यात लांब नाकाचं, बारीक डोळ्यांचं, उग्र वासाचं काहीतरी चिडचिड करत बसलेलं दिसलं तर ती चिचुंद्री. ती उंदराच्या जातीची नाही, तिचं खाणं म्हणजे झुरळं आणि किडे. तिला अंगणात नेऊन दार उघडा.