आईचा अडकित्ता आणि विमानाची सुरक्षा

प्रश्न : पुण्याहून दिल्लीला जाताना सुरक्षा तपासणीत आईच्या पिशवीतला अडकित्ता काढून घेतला. तिच्या सासूबाईंचा, पितळी. ऐंशी वर्षांच्या बाईकडून विमानाला कसला धोका? बूट काढा, पट्टा काढा, या सगळ्यानं अतिरेकी खरंच अडतो का, की नुसता देखावा?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, अडकित्त्याचं वाचून वाईट वाटलं. मी अठरा वर्षं विमानतळांवर त्याच एक्स-रेच्या पडद्यापुढे बसलो आहे. धातू तिथे निळा दिसतो, खाण्याच्या वस्तू नारिंगी. गंमत अशी की स्फोटकंही नारिंगीच दिसतात. म्हणून लाडवांचा डबा उघडायला सांगितला की लोक रागावतात आणि आम्ही ओशाळतो.

देखावा काही प्रमाणात आहेच, नाकारत नाही. पण 30 जानेवारी 1971 ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं ‘गंगा’ विमान दोन तरुणांनी लाहोरला नेलं, ते खोटं पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब दाखवून. डिसेंबर 1978 मध्ये लखनौ-दिल्ली विमान वाराणसीला वळवलं, तेव्हा तर खेळण्यातलं पिस्तूल आणि क्रिकेटचा चेंडू पुरला. असले हौशे-गवशे आज तपासणीच्या दारातच अडकतात. तेवढं श्रेय आम्हाला द्या.

पुरती तयारी करून आलेला माणूस मात्र रांगेत उभाच राहत नाही. 5 सप्टेंबर 1986 ला मुंबईहून गेलेलं पॅन अ‍ॅमचं विमान कराचीत उभं होतं. अपहरणकर्ते सुरक्षा रक्षकांच्या वेशात, गाडीतून थेट विमानापाशी आले. विमानातली हवाईसुंदरी नीरजा भनोत त्यातच गेली. ब्रसेल्सच्या विमानतळावर 2016 मध्ये स्फोट झाले ते निर्गमन कक्षात, तपासणीच्या अलीकडे. आम्ही प्रवाशांचे खिसे चाचपतो, पण मागच्या फाटकानं आत येणाऱ्या गाड्या आणि कामगार तितक्याच बारकाईनं तपासले नाहीत, तर पुढची रांग कितीही लांबवा, उपयोग शून्य.

आता तुमच्या आईंचं. एप्रिल 1986 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक गरोदर आयरिश तरुणी इस्रायलच्या विमानात चढायला आली. होणारा नवरा म्हणवणाऱ्या नेझार हिंदावीनं तिला बॅग दिली होती. तळाच्या चोरकप्प्यात दीड किलो स्फोटक होतं, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. विमानतळाच्या एक्स-रेतून बॅग बिनबोभाट गेली! पकडली ती एल अल कंपनीच्या सुरक्षा रक्षकांनी, तिला प्रश्न विचारून आणि बॅग हातात घेऊन. म्हणून आजीचा चेहरा बघून आम्ही पिशवी सोडत नाही. आजीवर संशय नसतो, पण तिच्या पिशवीत कुणी काय ठेवलं हे आजीलाही ठाऊक नसू शकतं.

यंत्रापुढचा माणूस चुकतोच. अमेरिकेतल्या गुप्त चाचण्यांत 70 पैकी 67 वेळा नकली शस्त्रं आणि स्फोटकं आत गेल्याचं 2015 मध्ये बाहेर आलं. तेव्हा आमच्यातले काही जण हसले. मी हसलो नाही. एकदा पहाटे चारच्या पाळीत चाचणीची बॅग माझ्याच डोळ्यांसमोरून गेली होती. डोक्यात मुलीचा बारावीचा निकाल होता. साहेबांनी बोलावून बॅग टेबलावर ठेवली तेव्हा पाय लटपटले. पडद्यापुढचा माणूस साधारण वीस मिनिटांनी बदलतात, ते उगीच नाही.

आणखी एक. प्रवासी चढला नाही म्हणून त्याची बॅग उतरवायला विमान खोळंबतं, तेव्हा चडफडू नका. 23 जून 1985 ला एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातले 329 जण गेले, ते अशाच मालकाविना चढलेल्या बॅगेतल्या बॉम्बमुळे.

अडकित्त्यानं विमान पळवता येईल असं मला स्वतःला वाटत नाही. 2001 नंतर वैमानिकाच्या कक्षाचं दार इतकं भक्कम झालंय की ते त्याला दाद देणार नाही. पण शेजारच्याला जखम होऊ शकते, आणि रांगेत उभ्या जवानाला ‘हे पातं चालेल, ते नाही’ असं ठरवायची मुभा नसते. पुढच्या वेळी अडकित्ता काउंटरवर द्यायच्या सामानात घाला. तपासणीत सापडलाच आणि हाताशी वेळ असला, तर मागे जाऊन सामानात टाकता येईल का, हे विमान कंपनीच्या माणसाला विचारा. आईंची सुपारी मात्र घरूनच कातरून डबीत न्या. पडद्यावर नारिंगी दिसेल, एवढंच.