व्हिडिओ एडिटिंगच्या फाइल्सनी डिस्क भरली, तर आधी काय उडवायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की पाच-सहा वर्षं घरचे व्हिडिओ एडिट करून २ टीबीची डिस्क गच्च झालीय, फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन' असं सगळं पडलंय, मग एक्सपोर्ट केलेले व्हिडिओ तेवढे ठेवून बाकी सगळं उडवलं तर चालेल का.

नका उडवू. मी हे केलंय आणि अजून मनाला लागतं. एका वाढदिवसाचं शूट होतं, त्याचा साडेचार मिनिटांचा छान व्हिडिओ बनवला, वर गाणं टाकलं, आणि व्हिडिओ तर झालाय म्हणून मूळ क्लिप्स डिलीट केल्या. दोन वर्षांनी आजोबा गेले तेव्हा आठवलं की त्या दिवशी कॅमेरा त्यांच्याच हातात होता आणि प्रत्येक क्लिपमध्ये मागून तेच बोलत होते. पण एडिट करताना गाण्यासाठी मूळ आवाज म्यूट केलेला, त्यामुळे एक्सपोर्टमध्ये तो कुठेच नाही. चित्र आहे, आवाज गेला. म्हणून मी आता सगळ्यांना हेच सांगतो की डिलीट करताना फाइल केवढी मोठी आहे हे बघू नका, ती परत बनवता येईल का हे बघा.

हा प्रश्न विचारला की अर्धं काम होतं. फाइल्स तीन प्रकारच्या असतात. पहिल्या मूळ क्लिप्स, रेकॉर्ड केलेला आवाज, स्कॅन केलेले फोटो, हे गेलं की गेलं. दुसरी प्रोजेक्ट फाइल, ती असते काही केबी किंवा एमबीची पण तुमची सगळी मेहनत तिच्यात असते, कुठे कट मारला, रंग कसा सुधारला, टायटल काय लिहिलं. तिसरं म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतःच्या सोयीसाठी बनवलेला माल: कॅश, प्रीव्ह्यू, रेंडर फाइल्स, प्रॉक्सी (एडिटिंग हलकं व्हावं म्हणून केलेली लहान कॉपी), ऑप्टिमाइझ्ड मीडिया (त्यासाठीच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये केलेली मोठी कॉपी). हा तिसरा प्रकार बिनधास्त उडवा, लागला तर सॉफ्टवेअर परत बनवतं, फार तर प्रोजेक्ट पुन्हा उघडल्यावर थोडा वेळ थांबावं लागेल. आणि जागा खातो तोच, बरेच जण नेमकं उलटं करतात, मूळ क्लिप्स मोठ्या दिसतात म्हणून त्या काढतात आणि कॅश तशीच राहते.

किती जागा खातो ते सांगतो. आयफोनचा १०८०पी, ३० फ्रेमचा व्हिडिओ 'हाय एफिशियन्सी' या कमी जागा घेणाऱ्या सेटिंगमध्ये मिनिटाला साधारण ६० एमबी होतो. तोच फायनल कट या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑप्टिमाइझ केला की प्रोरेस ४२२ या एडिटिंगला सोप्या पण जड फॉरमॅटचा बनतो, त्याचा रेट सेकंदाला १४७ मेगाबिट, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १.१ जीबी. अठरा पट! एक तासाचं शूट मूळ साडेतीन जीबीचं आणि त्याची ही सोयीची कॉपी ६६ जीबीची, आणि व्हिडिओ तयार झाल्यावर तिचा काडीचा उपयोग नाही.

आता हे काढायचं कुठून. शक्यतो सॉफ्टवेअरच्या मेन्यूतूनच काढा, हाताने फोल्डर शोधून डिलीट करत बसू नका. फायनल कटमध्ये लायब्ररी सिलेक्ट करून फाइल मेन्यूत 'डिलीट जनरेटेड लायब्ररी फाइल्स'. दाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेन्यूत 'डिलीट रेंडर कॅश'. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये 'मीडिया कॅश'. प्रीमियरचं एक लक्षात ठेवा, विंडोजवर त्याची कॅश मूळ सेटिंगमध्ये सी ड्राइव्हवरच्या लपलेल्या फोल्डरमध्ये साठते, तुमचे प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर असले तरी, त्यामुळे लोक म्हणतात की मी सी ड्राइव्हवर काही ठेवतच नाही तरी तो भरतो कसा, तर असा. केडेनलाइव्ह वापरत असाल तर त्यातही कॅश बघायची-काढायची सोय आहे. आणि कॅशसाठी जो फोल्डर नेमाल त्यात स्वतःची एकही फाइल ठेवू नका, तो फोल्डर कधीही रिकामा होणार असं धरूनच चाला.

एवढं केलं की बऱ्यापैकी जागा मोकळी होते. इथे थांबलात तरी चालेल, खरंच.

पुढे जायचं असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या, प्रोजेक्ट फाइलमध्ये तुमचे व्हिडिओ नसतात, फक्त पत्ते असतात, ही क्लिप अमुक फोल्डरमध्ये अमुक नावाची. म्हणून आवराआवर करताना उत्साहात क्लिप्सची नावं बदलली किंवा फोल्डर हलवले की प्रोजेक्ट उघडल्यावर सगळीकडे 'मीडिया ऑफलाइन', म्हणजे क्लिप सापडत नाही, असं दिसतं. फोल्डर हलवलेला असेल तर रीलिंक करून, म्हणजे क्लिप आता कुठे आहे ते प्रोजेक्टला दाखवून, सुटता येतं पण नावं बदलली असतील तर एकेक क्लिप ओळखून जोडत बसावं लागतं. तेव्हा जुन्या प्रोजेक्टमधल्या क्लिप्सची नावं बदलू नकाच, बाहेरच्या मोठ्या फोल्डरला नाव द्या आणि तेही दिलं की प्रोजेक्ट उघडून रीलिंक करा. नाव देताना तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, २०२३-०५-१४ अशी, म्हणजे नावाने लावलं की आपोआप काळाच्या क्रमाने लागतं. नाव रोमन अक्षरांत आणि मध्ये स्पेस न सोडता, कारण काही प्रोग्रॅम देवनागरी नावांवर अडखळतात. तारीख शोधताना विंडोजमधल्या 'क्रिएटेड'वर जाऊ नका, फाइल कॉपी केली की तिथे कॉपीचा दिवस येतो, 'मॉडिफाइड' सहसा जुनीच राहते. नक्की बघायचं तर एक्झिफटूल नावाचं फुकट टूल फाइलच्या आत नोंदलेली तारीख दाखवतं, फक्त फोनच्या व्हिडिओत ती बहुतेक वेळा यूटीसी मध्ये, म्हणजे भारताच्या नाही तर जागतिक प्रमाणवेळेत असते, तेव्हा वेळ काही तास इकडेतिकडे दिसली, कधी तारीखही बदललेली दिसली तर घाबरू नका.

रिझॉल्व्हवाल्यांसाठी वेगळं सांगतो कारण इथे लोक फसतात: रिझॉल्व्हचं प्रोजेक्ट तुमच्या क्लिप्सच्या फोल्डरमध्ये नसतंच, ते त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतं. फोल्डर दुसऱ्या डिस्कवर टाकला, कॉम्प्युटर फॉरमॅट केला, की एडिट गेलं. म्हणून प्रोजेक्ट मॅनेजरमधून प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून ती डीआरपी फाइल क्लिप्सच्या शेजारीच ठेवा.

एखाद्या प्रोजेक्टमध्ये न वापरलेल्या क्लिप्स कुठल्या, हे कळायला मी जे करतो ते अगदी साधं आहे. ज्या क्लिप्स नको वाटतात त्या डिलीट न करता 'थांबा' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवतो. मग प्रोजेक्ट उघडून पूर्ण टाइमलाइन एकदा बघतो, कुठे ऑफलाइनची पाटी दिसली की ती क्लिप परत जागेवर. तो फोल्डर मग दोन-तीन महिने तसाच पडू देतो आणि त्यानंतरच काढतो. प्रीमियरमध्ये 'रिमूव्ह अनयूज्ड' आहे पण ते फक्त प्रोजेक्टच्या यादीतून काढतं, डिस्कवरची फाइल तिथेच राहते, त्यामुळे जागा काही वाढत नाही. न वापरलेल्या गोष्टी सोडून बाकी सगळं एका ठिकाणी गोळा करायचं असेल तर त्याच्यातच 'प्रोजेक्ट मॅनेजर' आहे, तो वापरलेल्या फाइल्स नवीन फोल्डरमध्ये कॉपी करून देतो, जुनं काही पुसत नाही.

कॅमेऱ्याच्या फाइल्सबद्दल थोडं. गोप्रो मोठ्या शॉटचे तुकडे करतो आणि तुकड्याचा नंबर नावात आधी टाकतो, जीएक्स०१०१२३ चा पुढचा भाग जीएक्स०२०१२३, त्यामुळे नावाने लावलं की एकाच शॉटचे भाग एकमेकांपासून लांब जातात आणि दुसरा तुकडा भलत्याच ठिकाणी दिसला म्हणून नको समजून उडवला जातो. शेवटचे चार आकडे बघायचे. त्याच्यासोबतच्या एलआरव्ही आणि टीएचएम फाइल्स म्हणजे लो क्वालिटी प्रीव्ह्यू आणि थंबनेल, त्या काढल्या तरी हरकत नाही. जुन्या हँडीकॅमचं एव्हीसीएचडी फॉरमॅटचं रेकॉर्डिंग असेल तर मात्र अख्खा फोल्डर जसाच्या तसा ठेवा, आतल्या एमटीएस या व्हिडिओ फाइल्स तेवढ्या उचलल्या तर मोठ्या शॉटच्या तुकड्यांना जोडणारी माहिती मागे राहते आणि जोडाजवळ आवाज तुटू शकतो.

डुप्लिकेट फाइल्स शोधायला डुपगुरू हे टूल वापरा, त्यात 'कंटेंट्स' ने स्कॅन करा, नावाने नको, कारण बरेच कॅमेरे कार्ड फॉरमॅट झालं की नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात आणि सी०००१ नावाच्या दहा वेगवेगळ्या क्लिप्स तुमच्याकडे असतील. आयमूव्ही वापरला असेल तर क्लिपची एक कॉपी त्याच्या लायब्ररीत गेलेली असते, तीही मोजा. मेसेजिंग ॲपवरून आलेली कॉपी अशा टूलला सापडत नाही, कारण ॲपने दाबून लहान केलेली असते, कंटेंट वेगळा झालेला असतो. ती डोळ्यांनी बघूनच ओळखायची, आणि दोन्ही असतील तर नेहमी मोठी ठेवायची.

जागा तरीही कमीच पडत असेल तर मूळ क्लिप्समधला खराच वाया गेलेला भाग कापा, म्हणजे कॅमेरा चालू राहून जमिनीचं शूटिंग झालं वगैरे. त्यासाठी लॉसलेसकट घ्या, तो पुन्हा एन्कोड न करता कापतो, त्यामुळे क्वालिटी तीच राहते, फक्त कट कीफ्रेमच्या (व्हिडिओत ठरावीक अंतराने पूर्ण साठवलेल्या चित्राच्या) आसपास पडतो, दोन सेकंद जास्तीचे ठेवायचे. हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या टूलने सगळ्या मूळ फाइल्स दाबून लहान करायचा सल्ला पुष्कळ जण देतील, मी देणार नाही, गेलेला तपशील परत येत नाही, आणि एक डिस्क विकत घेणं त्यापेक्षा बरं. कापण्याआधी क्लिप आवाजासकट ऐका, चित्रात काही नसलं तरी.

'फायनल' वाल्या पाच फाइल्समध्ये कुठली ठेवायची हे तारीख आणि लांबी बघून ठरवा, शेवटच्या दोन सुरुवात-शेवट पळवून बघा, आणि सर्वांत जास्त बिटरेटची (सेकंदाला जास्त डेटा असलेली) एक ठेवा. यूट्यूबवर आहे म्हणून इथली काढू नका, त्यांच्या स्टुडिओतून डाउनलोड केलं तर तुम्ही चढवलेली फाइल परत मिळत नाही, दाबलेली कॉपी मिळते.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, आजच, मूळ क्लिप्स आणि प्रोजेक्ट फाइल्स दुसऱ्या डिस्कवर टाका, कॉपी झाल्यावर चार-पाच फाइल्स तिथून उघडून बघा. पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम आहे, तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. घरात ठेवलेल्या दोन डिस्क एकाच दिवशी जाऊ शकतात म्हणून ती बाहेरची, जवळच्या नातेवाइकाकडे ठेवली तरी पुरे. कॅश नि प्रॉक्सीचा बॅकअप घेत बसू नका. मात्र प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल टाका, कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं व्हर्जन, कुठला फॉन्ट, गाणं कुठून घेतलं, आणि क्लिपमध्ये कोण कोण आहे, कॅमेऱ्यामागे कोण होतं तेही.