फी भरण्याआधी आजोबांजवळ बसवा

सर, आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मुलगा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासात बरा आहे, पण सारखा लॅपटॉपवर असतो. आता एथिकल हॅकिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करायचं डोक्यात घेतलंय, फी ९५,००० रुपये. क्लासवाले म्हणतात नोकरी पक्की. कॉलेजातल्या एका सरांनी मात्र त्याला सांगितलं, आधी नेटवर्किंगचा पाया पक्का कर. हे ऐकून सासरे भडकले. ते आरएमएसमधून, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेतून निवृत्त झालेत, त्यांना वाटतं नेटवर्किंग म्हणजे साखळी करून साबण-पावडरी विकायच्या. ह्यांचं म्हणणं, ते तर वायर ओढणाऱ्याचं काम. मी शाळेत मराठी शिकवते, मला यातलं काही कळत नाही. पैसे भरायचे की नाही?
– एक आई, इंदूर

ताई,

पैसे आत्ता भरू नका. कॉलेजातल्या सरांचं ऐका. कारण सांगतो, पण आधी घरातल्या दोन शंका मिटवू.

सासऱ्यांचा राग मला समजतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून ‘नेटवर्किंगमध्ये आहे’ म्हणत वही काढणारे मलाही भेटलेत. त्या साखळीचा आणि याचा काही संबंध नाही. इथे माणसं जोडायची नसतात, यंत्रं जोडायची असतात. तुमच्या यजमानांचं म्हणणं तेवढं चूक नाही. या कामात सुरुवातीला वायर ओढावी लागते. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी चौदा वर्षं नेटवर्कच्या कामात काढली आणि पहिल्या वर्षी हातात क्रिंपिंग टूलच होतं, केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायचं हत्यार. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबलच्या आठ तारांचा हा क्रम अजून पाढ्यासारखा तोंडात बसलाय. लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि दुसऱ्या वर्षी ते काम सुटलंही.

आता मुद्द्याचं. पत्र वाचताना मी एका शब्दावर थांबलो: आरएमएस. ताई, तुमच्या घरात नेटवर्किंगचा जाणकार बसलाय आणि तुम्ही बाहेर ९५,००० रुपये द्यायला निघालात!

रात्रीच्या गाडीत टपालाच्या डब्यात उभं राहून सॉर्टर पत्रं लावत असे, तेव्हा तो प्रत्येक पत्रावरचा घर नंबर आणि गल्ली वाचत नसे. तो पिन पाहत असे. पहिला आकडा ४ म्हणजे आपला पट्टा: महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन ४५२ म्हणजे इंदूर. सुदामा नगर कुठे आहे हे गुवाहाटीच्या सॉर्टरला ठाऊक असायची गरजच नाही, योग्य थैलीत टाकलं की त्याचं काम झालं. पुढचा टप्पा पुढचा माणूस पाहील. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती आखली आपल्याच एका माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. दळणवळण खात्यातले अधिकारी, आणि संस्कृतचे कवी.

इंटरनेट याच तत्त्वावर चालतं. आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्राचा आकडी पत्ता. त्याचा पुढचा भाग म्हणजे कुठलं नेटवर्क, मागचा भाग म्हणजे त्यातलं कुठलं यंत्र. राउटर म्हणजे सॉर्टर. साऱ्या जगातले पत्ते त्याला पाठ नसतात, पुढचा भाग पाहून ‘हे त्या दाराने’ एवढंच तो ठरवतो. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी या व्यवस्थेचा आराखडा १९७४ साली मांडला आणि १ जानेवारी १९८३ला अमेरिकेतलं अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, त्यावर गेलं. आयपीच्या, म्हणजे या पत्त्यांच्या नियमावलीच्या, चौथ्या आवृत्तीचा मूळ दस्तऐवज सप्टेंबर १९८१चा, आणि आजही तुमच्या मुलाच्या लॅपटॉपवर बहुधा तीच आवृत्ती चालू असेल. ज्या क्षेत्रात तीन वर्षांत साधनं बदलतात, तिथे चाळीस वर्षं टिकलेली गोष्ट आधी शिकावी की नंतर?

अजून एक गोष्ट आजोबा त्याला शिकवू शकतील, आणि इथे मी पदवीधर मुलांना मुलाखतीत गडबडताना पाहिलंय. पाकिटावरचा पत्ता सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहतो. पण ते पाकीट ज्या थैलीत असतं, त्या थैलीचं लेबल दर टप्प्यावर बदलतं: इथून भोपाळ, तिथून नागपूर. नेटवर्कमध्ये पाकिटावरचा पत्ता म्हणजे आयपी आणि थैलीचं लेबल म्हणजे मॅक ॲड्रेस. दर राउटरपाशी जुनी थैली उघडते, पाकीट नव्या थैलीत जातं. ‘दिल्लीच्या सर्व्हरचा मॅक ॲड्रेस तुझ्या लॅपटॉपला कळतो का?’ असं मी विचारतो. दहातली सात मुलं ‘हो’ म्हणतात. उत्तर ‘नाही’ आहे. लॅपटॉपला फक्त घरातल्या राउटरचं लेबल ठाऊक असतं.

(घरातल्या घरात मात्र पोस्टाची उपमा थोडी मोडते. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते लाखो घरांत तेच ते असतात, ‘मधल्या खोलीत ठेव’ म्हणण्यासारखे. बाहेर पाठवताना राउटर त्यावर स्वतःचा पत्ता टाकतो आणि उत्तर आलं की ते कोणत्या खोलीचं हे लक्षात ठेवून आत देतो. याला नॅट म्हणतात.)

मग एथिकल हॅकिंगच्या, म्हणजे मालकाच्या परवानगीने यंत्रणेतल्या फटी शोधण्याच्या कोर्सचं काय? चिरंजीवांना एक प्रश्न विचारा. तुम्हाला उत्तर कळलं नाही तरी चालेल, त्याचा चेहरा पाहा. पोर्ट म्हणजे यंत्राचं एकेका सेवेसाठीचं दार. पोर्ट स्कॅन केल्यावर, म्हणजे ही दारं ठोठावून पाहिल्यावर, एक पोर्ट ‘ओपन’, एक ‘क्लोज्ड’ आणि एक ‘फिल्टर्ड’ दिसतो, तर आतून नेमकं काय झालं? टीसीपीमध्ये, म्हणजे दोन यंत्रांनी खात्रीने बोलायच्या नियमांत, बोलणं सुरू होण्याआधी तीन निरोप होतात: इकडून सिन, तिकडून सिन-ॲक, पुन्हा इकडून ॲक. सिनला सिन-ॲक आलं तर दार उघडं. रीसेट आलं तर पलीकडे कुणी ऐकत नाही. काहीच आलं नाही तर बहुधा मधल्या फायरवॉलने, म्हणजे पहारेकऱ्याने, निरोप गिळला. हे तीन वाक्यांत सांगता आलं तर मुलगा तयारीचा. नाही आलं, तर सहा महिने तो दुसऱ्याने लिहिलेली साधनं चालवत बसेल आणि पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांना ज्ञान समजेल. आणि हो, शेजाऱ्याच्या वायफायवर सराव करू देऊ नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ६६खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

क्लासच्या माहितीपत्रकावर ‘प्लेसमेंट गॅरंटी’ छापलंय की ‘प्लेसमेंट असिस्टन्स’, हेही पाहा. दुसऱ्याचा अर्थ एवढाच की ते ईमेल पुढे पाठवतील.

पाया म्हणजे काय, ते एका प्रसंगाने सांगतो. एका कार्यालयात रोज सकाळी अकराच्या सुमारास निम्म्या लोकांचं नेट बंद पडायचं. बाकीच्यांचं चालू. कंपनीकडून लाइन तपासून झाली, राउटर बदलून झाला, एका साहेबांनी व्हायरसचं निदान केलं. मी गेलो तेव्हा माझ्याकडेही भारी काही नव्हतं. बंद पडलेल्या एका संगणकावर एआरपीचा तक्ता काढला, म्हणजे गेटवेच्या (बाहेर जायच्या राउटरच्या) आयपीपुढे कोणाचा मॅक ॲड्रेस लिहिलाय ते पाहिलं. चालू असलेल्या संगणकावरही तेच केलं. दोन्हीकडे आयपी एकच, मॅक वेगवेगळे! बंद संगणकांची पाकिटं राउटरऐवजी दुसऱ्याच कुणाकडे जात होती. शोधलं तर हिशेब विभागातला नवा प्रिंटर. बसवणाऱ्याने त्याला हाताने पत्ता दिला होता, तोही नेमका गेटवेचाच. हिशेबनीस अकराला येऊन प्रिंटर चालू करायचे. शोधायला वीस मिनिटं लागली, आणि त्यातली दहा हिशेबनिसांचा चहा पिण्यात गेली.

हे कुठल्याच क्लासने मला शिकवलं नव्हतं. थैलीचं लेबल आणि पाकिटावरचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच पक्कं ठाऊक होतं.

मुलाची हीच परीक्षा घरी घेता येते. रविवारी पोहे-जलेबी झाली की त्याला म्हणा, नेट बंद आहे असं समज, क्रमाने शोध. आधी त्याने स्वतःचा आयपी पाहावा. १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, पुढे जाण्यात अर्थ नाही. मग गेटवेला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक. मग ८.८.८.८ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला पिंग. तिथवर जातंय आणि तरी साइटचं नाव टाकल्यावर उघडत नसेल, तर संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेवर. जो मुलगा या पायऱ्या न गाळता उतरतो, त्याला काम मिळतं. जो आधी राउटर बंद-चालू करतो, तो आपल्यासारखाच.

पुढची पायरी वायरशार्क. हे फुकट मिळतं आणि लॅपटॉपवरून जाणारं-येणारं एकेक पॅकेट दाखवतं. त्यात स्वतःच्याच कॉलेजची साइट उघडताना पाहावं: आधी डीएनएसचा प्रश्न, त्याचं उत्तर, मग ते तीन निरोप, मग टीएलएसचा, म्हणजे बोलणं कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीचा ‘क्लायंट हॅलो’, आणि त्यानंतर सगळं कुलूपबंद. कधी तो म्हणेल की एका मोठ्या साइटला सिन दिसतच नाही. म्हणाला तर आनंद माना, तो खरंच बघतोय. बऱ्याच मोठ्या साइट आता टीसीपीऐवजी यूडीपी या हलक्या पद्धतीवर चालणारी क्विक नावाची नवी पद्धत वापरतात, तिचं मानक २०२१ साली ठरलं. हा शोध त्याचा त्याला लागू द्या, सांगून टाकू नका.

सबनेटिंगला, म्हणजे एका नेटवर्कचे छोटे भाग पाडण्याला, मुलं घाबरतात. ते कागदावरच करावं. १९२.१६८.१०.० हे २५६ पत्त्यांचं नेटवर्क चार विभागांत वाटायचं: प्रत्येकाला ६४ पत्ते, पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा), वापरायला उरले ६२. दुसरा विभाग ६५पासून १२६पर्यंत. पंधरा दिवस रोज दोन गणितं केली की भीती जाते. क्लाउडमध्ये गेला तरी हेच गणित लागणार आहे, तिथे फक्त वायर दिसत नाही.

गेम खेळताना पिंग (हाकेला ओ यायला लागणारा वेळ) जास्त येतो म्हणून तो मोठा प्लॅन मागत असेल तर तेही याच निमित्ताने मिटवा. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. इंदूर ते मुंबई तार सहाशे किलोमीटरची धरली तर जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद लागणारच. १३,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला १३०. तीनशे एमबीपीएस घेतलं तरी प्रकाश त्याहून जोरात पळत नाही.

पैशांचं म्हणाल तर हे सगळं जवळजवळ फुकट आहे. एनपीटीईएल या सरकारी मोफत शिक्षण-मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची कॉम्प्युटर नेटवर्कवरची व्याख्यानं आहेत. राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं, त्यात घरबसल्या वीस राउटर जोडता येतात. जोडीला लिनक्स आणि थोडं पायथन. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत सिस्कोचीच सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा द्यावी, क्रमांक २००-३०१. फी ३०० डॉलर आणि वर कर. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. खर्च करायचाच तर इथे करा, आणि तोही सराव परीक्षांत सातत्याने चांगले गुण पडू लागल्यावर.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. पहिली नोकरी बहुतेक एनओसीमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात. पाळ्या असतात, रात्रीची पाळी नक्की येते. पगार सुरुवातीला हातखर्चाला बरा म्हणावा इतपतच. दीड-दोन वर्षांनी मात्र रस्ते फुटतात: नेटवर्क इंजिनिअर, क्लाउड, किंवा त्याला हवी ती सिक्युरिटी. ९५,००० रुपयांचा कोर्स तेव्हा त्याने स्वतःच्या पगारातून करावा, आणि तोवर कोणता करायचा हेही त्याला कळेल. एमसीए करायचं असेल तर ते आता दोन वर्षांचं आहे. भोपाळच्या एनआयटीसारख्या ठिकाणी जायचं तर निमसेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्यात गणिताला मोठं वजन आहे. पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र नसेल तर ती वाट बंद, हे आत्ताच तपासा. इंदूरच्याच सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर मोठ्या कंपन्या आहेत, पण ‘इंदूर सोडायचं नाही’ अशी अट आत्तापासून घालू नका.

तीन महिन्यांनी त्याला वायरशार्कमध्ये साठवलेली एक फाइल घेऊन माझ्याकडे पाठवा. मार्कशीट नको.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, आणि माझ्यातर्फे एक विचारा. आमच्याकडे चुकीच्या नोंदीमुळे पॅकेट दोन राउटरमध्ये इकडून तिकडे फिरत राहू शकतं. म्हणून त्यावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो, दर राउटर तो एकने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. तुम्ही तर पत्र कधी टाकून दिलं नसेल. मग दोन सेक्शनमध्ये (गाडीच्या टपाल-टप्प्यांमध्ये) फिरत राहिलेलं पत्र गाडीत ओळखायचे कसे?