अनुलोम-विलोम करताना १:४:२ चा कुंभक (श्वास रोखणं) सुरुवातीपासूनच करायचा का?

नाही, सुरुवातीला श्वास अजिबात रोखू नका, नुसतं १:२ ठेवा म्हणजे ४ मोजत घ्यायचा आणि ८ मोजत सोडायचा. १:४:२ हे प्रमाण पारंपरिक आहे हे खरं, पण ते सराव मुरल्यावरचं आहे, हिशोब करून बघा ना, ४ सेकंद पूरक (श्वास घेणं) म्हटलं की १६ सेकंद कुंभक आणि ८ सेकंद रेचक (श्वास सोडणं), म्हणजे एकच श्वास २८ सेकंदांचा, नवीन माणसाचा जीव कासावीस होणारच. हठयोगप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथातही सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसाच प्राण वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो असं स्पष्ट सांगितलंय, तरी लोक मोबाईलवर टायमर लावून रेकॉर्ड करायला बसतात! रोखल्यावर जी तगमग होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, आणि ती दाबून धरण्यात काही मोठेपणा नाही. पुढे कुंभक वाढवताना रेचकाकडे लक्ष ठेवा, श्वास सोडताना तो भस्सकन बाहेर पडला किंवा पुढचा श्वास हपापून घ्यावा लागला तर रोखणं जास्त झालं, आकडा कमी करा. रेचक लांब ठेवला की नाडी थोडी मंदावते, शांत वाटतं ते बरंचसं त्यामुळेच, त्यासाठी कुंभक लागतोच असं नाही. फक्त बीपी, हृदयविकार, काचबिंदू असेल किंवा गरोदर असाल तर कुंभक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.