ब्रेक वापरलेच नाहीत, तरी ‘झीज’ कशी?

प्रश्न : माझी इलेक्ट्रिक मोटार दोन वर्षांची आहे. मी ऐरोलीत खाडीजवळ राहतो आणि गाडी उघड्यावर उभी असते. यंदाच्या पावसाळ्यानंतर मागच्या डाव्या चाकातून सतत घासल्याचा आवाज येऊ लागला. डिस्क आणि पॅड बदलावे लागतील, पण ही नैसर्गिक झीज असल्याने वॉरंटी लागू होत नाही, असे सर्व्हिस सेंटरने सांगितले. विकत घेताना मात्र ‘या गाडीचे ब्रेक फारसे झिजत नाहीत’ असे ठासून सांगण्यात आले होते. मी काय करावे? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : विक्रेत्याने सांगितले ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढताच मोटर जनरेटरसारखी चालते, वेग कमी होतो आणि त्यातून मिळणारी वीज बॅटरीत जाते; यालाच रीजनरेशन म्हणतात. त्यामुळे ब्रेकचे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला क्वचितच घासले जातात. एरवी हे घासणेच डिस्कवरचा गंज पुसून काढत असते. ते थांबले की खाडीकाठच्या दमट, खारट हवेत गंज साचत जातो, पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम होतात आणि पॅड मागे न सरकता डिस्कला चिकटून राहतो. रात्रभराच्या पावसानंतर दिसणारा तपकिरी थर पहिल्या काही ब्रेकांतच निघून जातो, त्याची चिंता नको. डिस्कवर खड्डे पडले असतील, तर मात्र चाक काढून आतली बाजूही पाहायलाच हवी.

तुमच्या वादाचे मर्म इथेच आहे. पॅड वापराने झिजणे ही झीज होय आणि तिचा खर्च मालकाने करायचा, हे रास्त आहे. परंतु एकाच चाकावर बाहेरचा पॅड ८ मिलिमीटर आणि आतला ३ मिलिमीटर उरला असेल, तर कॅलिपर अडकला असण्याची दाट शक्यता असते, आणि त्याला सरसकट ‘झीज’ म्हणून ग्राहकाला परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून चारही चाकांच्या आतल्या-बाहेरच्या पॅडची मापे, पिनांची स्थिती आणि वॉरंटी नाकारण्याचे कारण जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर) लिहून मागा. जुने भाग ताब्यात घ्या, निदान त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. वॉरंटी पुस्तिकेत गंजाबद्दल वेगळी अट असते, तीही वाचा, कारण कंपनी बहुधा तिच्याकडेच बोट दाखवील.

कंपनीकडे लेखी तक्रार करूनही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा तोंडी आश्वासनांवर महिने घालवू नका.

दुरुस्तीनंतर आठवड्यातून एकदा, मागे वाहन नाही हे पाहून, रीजनरेशन सर्वांत कमी पातळीवर ठेवून काही वेळा ब्रेक जरा जोराने दाबा. गाडी धुतल्यावर ती तशीच उभी न करता थोडी फिरवून ब्रेक कोरडे करा. पावसाळा संपताच पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावून घ्या, आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत असल्याने ते पुस्तिकेतील मुदतीनुसारच बदला, मग गाडी कितीही कमी धावलेली असो.