कोरीची पिल्लं तिसऱ्या आठवड्यातच का जातात?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न कॅटफिशच्या, म्हणजे मिशावाल्या माशांच्या, पिल्लांबद्दल आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. डोंबिवलीच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिलीय कारण तीच अडचण बाकी बऱ्याच जणांची आहे.

प्रश्न (डोंबिवली): ताई, आमच्या दोन फुटी टँकमध्ये सहा अल्बिनो कोरी (तळाला राहणारे छोटे कॅटफिश) आहेत. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्याच आठवड्यात त्यांनी काचेवर अंडी घातली, मी ती हलक्या हाताने सोडवून वेगळ्या प्लास्टिकच्या टबात ठेवली, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावला, चाळीसेक पिल्लं निघाली. पहिले दोन आठवडे सगळं छान होतं आणि मग रोज सकाळी चार-पाच मेलेली दिसायला लागली, आता नऊच उरलीत. पाणी दर रविवारी अर्धं बदलतो. खायला उकडलेल्या अंड्याचा बलक आणि फ्लेक फूडची पावडर, दिवसातून तीनदा. पाणी एकदम क्लिअर दिसतं. मुलगी रोज शाळेत जायच्या आधी पिल्लं मोजते आणि रडते. कुठे चुकतंय?

उत्तर: आधी एक सांगते, चाळीस पिल्लं दोन आठवडे जगवलीत म्हणजे अंडी सोडवण्यापासून बरंच काही तुम्ही बरोबर केलंय. आणि पावसाचा तुमचा अंदाजही खरा आहे, कोरी मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या, तिकडे पावसाळ्यात नद्यांना थंड ताजं पाणी आलं की त्या अंडी घालतात, आपल्याकडे मृगाच्या पावसानंतर नळाचं गार पाणी टँकमध्ये गेलं की तेच होतं.

आता चूक. पाणी क्लिअर दिसतं असं तुम्ही लिहिलंय, पण ते तुम्ही वरून बघताय ना, पिल्लू कुठे राहतं ते बघा. गप्पीचं पिल्लू पाण्यात मध्येच पोहतं, कोरीचं पिल्लू दिवसभर तळाला पोट टेकून असतं, तिथेच खातं, तिथेच झोपतं. टबाच्या तळावरून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर कारण तेच. अंड्याचा बलक तळाशी बसतो, तासाभरात न खाल्लेला सगळा सडायला लागतो, त्याच्यावर बॅक्टेरियाचा थर चढतो आणि पिल्लाचं पोट, पंख आणि मिशा चोवीस तास त्या थरावर घासतात. आधी मिशा आखूड होतात, मग शेपटीची कड पांढरट होऊन झिजते, मग ते खाणं सोडतं. भिंग घेऊन उरलेल्या नऊ जणांच्या मिशा बघा, दोन मिनिटांत कळेल. माझी स्वतःची पहिली बॅच अशीच तिसऱ्या आठवड्यात गेली होती, पाणी स्वच्छ आहे म्हणून मी औषधांवर औषधं टाकत बसले आणि तळ पुसायचं सुचलंच नाही, म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

बलक आजपासून बंद. पावडरही चिमटीची चिमटी नको, टूथपिकच्या टोकावर बसेल तेवढीच. कोरीच्या पिल्लांना सगळ्यात बेस्ट म्हणजे मायक्रोवर्म, म्हणजे अगदी बारीक जिवंत अळ्या, ओट्सच्या घट्ट लापशीत डब्यात वाढवता येतात, डब्याच्या कडेला चढले की बोटाने पुसून घ्यायचे, ते पाण्यात खाली जातात आणि काही तास जिवंत राहतात त्यामुळे लगेच सडत नाहीत. दुसरं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांची सुकी अंडी विकत मिळतात. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ, खालून जोरात हवा, पाणी २६ ते २८ डिग्री, साधारण २४ तासांत अंडी फुटतात. बारीक गाळणीत गोड्या पाण्याने धुवून मगच घालायचे, टरफलं वेगळी काढायची. पिल्लांची पोटं नारिंगी दिसायला लागली म्हणजे खाल्लं, तिथेच थांबायचं. (अंड्यातून निघाल्यावर पहिले दोन-तीन दिवस काहीच घालायचं नाही हे पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा, तेव्हा त्यांच्या पोटाला स्वतःची शिदोरी बांधलेली असते.)

रविवारी अर्धं पाणी बदलणंही बंद करा. सहा दिवस विष्ठा आणि सडलेल्या खाण्यातून अमोनिया वाढत जातो, सातव्या दिवशी एकदम अर्धं पाणी नवीन येतं, म्हणजे सहा दिवस विष आणि सातव्या दिवशी धक्का. त्यापेक्षा रोज दहा-पंधरा टक्के. एअर पंपाची बारीक नळी असते ना तिचाच सायफन करा, टोकाला एखादी काडी बांधली की हातात नीट धरता येते, आणि तळावरून झाडू मारल्यासारखी फिरवा. पाणी पांढऱ्या बादलीत सोडा, कारण एखादं पिल्लू हमखास ओढलं जातं आणि पांढऱ्यावर ते लगेच दिसतं. नवीन पाणी अँटीक्लोरीन टाकलेलं आणि थर्मामीटरने एक-दोन डिग्रीच्या आत जुळवलेलं हवं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनचा डोसही वाढवलेला असू शकतो, ज्या दिवशी नळालाच वास येतो त्या दिवशी पाणी बदलूच नका, आदल्या दिवशीचं भरून ठेवलेलं वापरा.

नुसता एअर स्टोन पुरत नाही, स्पंज फिल्टर लागतो, पण दुकानातून कोरा आणून लगेच काही उपयोग नाही, अमोनिया खाणारे बॅक्टेरिया त्यात बसायला चार ते सहा आठवडे जातात आणि तेवढा वेळ पिल्लांकडे नसतो. तुमच्या मोठ्या टँकमध्ये स्पंज असेल तर तोच काढून टबात लावा. आणि पुढच्या वेळी अंडी दिसायच्या महिनाभर आधीच एक जास्तीचा स्पंज मोठ्या टँकमध्ये टाकून ठेवा.

रिकामा तळ की वाळू, यावर लोक खूप भांडतात. मी दोन-तीन मिलिमीटर बारीक वाळू घालते, पिल्लं त्यात तोंड खुपसून चाळतात आणि थर एकसलग चिकटून बसत नाही. फक्त बांधकामाची क्रश सँड नको, तिची धार मिशा कापते. गोल दाण्याची वाळू चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवून घ्या आणि थोड्या वाळूवर लिंबू पिळून बघा, फेस आला तर ती वाळू पाणी जड करणार, सोडून द्या. रंगीत खडे तर नकोच, त्यांच्या फटीत खाणं अडकतं आणि तिथेच सडतं.

अजून एक फुकटचा उपाय आहे. देशी बदामाचं झाडावरून आपोआप पडलेलं, तपकिरी, पूर्ण वाळलेलं पान धुवून टबात टाका. पाण्याला चहासारखा फिका रंग येतो, बुरशीला थोडा आळा बसतो आणि पानावर जो बारीक जीवांचा थर धरतो तो पिल्लं दिवसभर कुरतडतात. रस्त्याच्या कडेचं, धूळ-धुराचं पान मात्र घेऊ नका.

अँटिबायोटिक टाकू नका, त्याने स्पंजमधले बॅक्टेरियाही मरतात. नऊ पिल्लांच्या टबाचा तळ आजच पुसा. मुलीला मोजायचं काम राहू दे, पण सोबत भिंगाने मिशा बघायचंही काम द्या.

प्रश्न (नागपूर): दुकानातून इंचभराच्या पाच ब्राँझ कोरी आणल्या. मे महिन्यात टँकचं पाणी ३२ डिग्रीला गेलं, त्या सारख्या वर येऊन तोंड मारत होत्या. दुकानदार म्हणाला कोरी असंच करतात. खरं आहे का?

उत्तर: अर्धं खरं आहे. कोरी पृष्ठभागावर झेप घेऊन हवेचा घोट गिळतात आणि आतड्यातून त्यातला ऑक्सिजन घेतात, मधूनमधून असं केलं तर काळजी नाही. पण सगळ्या जणी सारख्या वर यायला लागल्या की खाली ऑक्सिजन कमी पडतोय असं समजायचं. २५ डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३२ ला तो सव्वासातवर येतो, वरून गरम पाण्यात माशाला लागतोही जास्त आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात टँकच्या पृष्ठभागावर टेबल फॅनचा तिरका वारा लावा, पाणी उडून दोन-तीन डिग्री सहज उतरतात, झाकणाच्या जागी जाळी टाका म्हणजे वारा लागेल आणि मासा बाहेर पडणार नाही. उडालेलं पाणी रोज भरायचं, शक्यतो आरओचं, नाहीतर क्षार साठत जातात. बर्फ थेट टाकू नका, एकदम गार होतं. खाणं निम्मं करा. आणि रात्री लाइट जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप घेऊनच ठेवा, फिल्टर बंद पडून दोन-तीन तास गेले की पहिला फटका तळातल्या माशांना बसतो.

प्रश्न (सातारा): मुलाच्या वाढदिवसाला दीड फुटी टँक आणि दोन छोटे "शार्क" घेतले. सहा महिन्यांत सहा इंचाचे झालेत, काचेवर धडका घेतात. सोबतचा सकरही (काच चाटणारा कॅटफिश) वाढतोय. नदीत सोडून देऊ का?

उत्तर: नका सोडू, प्लीज. दुकानात ज्याला शार्क म्हणतात तो पंगासियस, म्हणजे कॅटफिशच, मेकाँग नदीतला, मीटरभराच्या वर वाढतो. हॉटेलात बासा म्हणून जो फिले मिळतो तो बहुतेक वेळा हाच मासा. तो कळपाने लांब पोहणारा आणि घाबरट आहे, दीड फुटात त्याला वळायलाही जागा नाही, म्हणून नाक फुटेपर्यंत धडकतो. घरच्या टँकमध्ये हा मासा नीट ठेवताच येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, विकणाऱ्याने ते आधी सांगायला हवं होतं. सकरही फूटभर तरी होतोच, आणि लोकांनी सोडलेले सकर पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात इतके वाढलेत की तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात हेच येतात आणि जाळी फाटतात.

दुकानदाराला परत घ्यायला सांगा, नाही म्हणाला तर कोणाचा मोठा बंदिस्त हौद आहे का ते विचारा, पण ओढा, नदी किंवा पुराचं पाणी शिरेल असं तळं नको. नेताना जाळी वापरू नका, यांच्या पंखांचे काटे जाळीत अडकतात आणि मोडतात. झाकणाची बादली आडवी बुडवून मासा हळूच आत घ्या आणि बादली भरून घेतलेलं पाणी टँकमधलंच ठेवा. टँक रिकामा झाला की त्यात सहा कोरी आणि बारीक वाळू घाला, फिल्टर मात्र मासे गेल्यावर बंद करून ठेवू नका, त्यातले बॅक्टेरिया उपाशी मरतात, त्यामुळे कोरी येईपर्यंत रोज चिमूटभर खाणं टाकत राहा.