साखरपुडा मोडला तर अंगठ्या कुणी ठेवायच्या?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचा साखरपुडा झाला, नंतर नकार तुमच्याकडून गेला, आणि आता मुलाकडचे म्हणतात, "आमची अंगठी परत द्या, मुलाच्या बोटातली विसरा. मोडलं तुम्ही."

ज्याची त्याला. दोन्ही अंगठ्या. नकार कुणाचा, हे अंगठीला लावायचंच नाही.

आमचं सराफीचं दुकान आहे. मोडलेल्या साखरपुड्याच्या अंगठ्या शेवटी आमच्याच काट्यावर येतात, तेव्हा थोडं ऐकून माहीत आहे. भांडण बहुतेक वेळा हॉलच्या भाड्याचं आणि जेवणाच्या ताटांचं असतं. अंगठी नुसती ओलीस धरलेली असते. म्हणून खर्चाचं बोलणं वेगळं करा, अंगठ्यांचं वेगळं.

कुणी "आपल्यात अशी रीत नाही" म्हणालं तर सांगा, हा वाद फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत कन्या देऊ करून मागे घेणाऱ्याला दंड आहे, शिवाय समोरच्याचा खर्च व्याजासकट भरायचा. त्यावरच्या 'मिताक्षरा' या टीकेत (म्हणजे स्पष्टीकरणाच्या ग्रंथात) विज्ञानेश्वर म्हणतो, सबळ कारण असेल तर दंड नाही. आणि वाग्दत्त मुलगी वारली, तर वराने दिलेली अंगठी वगैरे त्याने परत घ्यावी, दोन्हीकडचा खर्च फेडून. चक्क अंगठीचाच उल्लेख आहे!

आजच्या कायद्यात साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. मात्र त्यांनी मागणी करून काही घेतलं असेल, तर 1961 चा हुंडाबंदी कायदा लग्नाआधीच्या देण्यालाही लागतो. तिथे वकील गाठा. इंटरनेटवरचं परदेशी ज्ञान इथे चालवू नका. इंग्लंडमध्ये 1970 च्या कायद्याने वाङ्‌निश्चयाची अंगठी ही मुलीला कायमची दिलेली भेट धरतात (उलट ठरलं होतं असं सिद्ध झालं नाही तर), आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये चूक कुणाची हे न बघता ती देणाऱ्याला परत करायला सांगितलं. एकाच वस्तूवर दोन उलटे निकाल.

आता कामाचं. अंगठीच परत घ्या, "पैसे घ्या" म्हणाले तर थांबा. मोडीत फक्त सोन्याचा भाव मिळतो. घडणावळ आणि बिलावर भरलेला 3 टक्के जीएसटी गेला तो गेला. खड्याचं वजनही वजा होतं. कुणी माप वाढवून घेताना सोनं घातलं असेल तर वजन बिलापेक्षा जास्त भरेल, त्यावरून उगाच संशय नको. नवीन हॉलमार्क अंगठीच्या आत सहा अक्षरं-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. भिंगाखाली अगदी बारीक दिसतो. बिलावर तो लिहिलेला असेल तर जुळवून बघा, म्हणजे तीच अंगठी आली हे कळतं. आत नाव घातलं असेल तर ते घासून निघतं, सोनं अगदी नगण्य जातं.

साड्या, ओटी, पेढे यांचा हिशोब काढू नका. दागिने तेवढे मोजा, पाटल्या-चेन काही घातलं असेल तर तेही.

मध्यस्थ ज्यांनी याद्या केल्या त्यांनाच बसवा. एकाच बैठकीत, एकाच वेळी देवाणघेवाण करा, "तुम्ही आधी द्या" नको. वजनासकट चार ओळी लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. बहिणीला त्या बैठकीला नेण्याची गरज नाही, आणि अंगठी कुरिअरने तर मुळीच पाठवू नका.